तारापद मास्तरची फुंकर

थाळी चिकटली!

पंचानन गुणीनाने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, साप चावलेल्या भजहरीच्या उघड्या पाठीवर काशाची थाळी थापली आणि दोन्ही हात वर केले. थाळी जागची हलली नाही. दोरी नाही, डिंक नाही, कुणाचा टेकू नाही. भजहरी गुडघ्यांत डोकं खुपसून बसला होता आणि थाळी त्याच्या पाठीला घट्ट धरून होती. अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. कुंपणावर माणसं, केळीच्या बुंध्यांना धरून माणसं, होड्या घाटाला तशाच सोडून धावत आलेली माणसं. बायकांनी जिभा हलवत उलूचा मंगल गजर केला. "जय मा मनसा!" अशी कुणीतरी सर्पदेवीच्या नावाने आरोळी ठोकली.

"कुणी शिवायचं नाही!" पंचानन गरजला. "विष पाठीपर्यंत चढलंय. थाळीला धरून बसलंय मेलं! आणि साधंसुधं विष नाही हे. आठ नागांतल्या तिसऱ्या नागाच्या धाकट्या भावाचं विष आहे!"

तिसऱ्याच्याच का, आणि धाकट्याच्याच का, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. पंचाननने मंतरलेल्या मातीची चिमूट थाळीवर मारली, डोळे फिरवले, नागाच्या आईबापांचा उद्धार केला. ऊन चढलं. लोक घामाघूम झाले, पण जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळाने भजहरीची पाठ अवघडली, त्याने जरा अंग सरळ केलं, आणि थाळी ठणकन खाली पडली.

"उतरलं!" पंचाननने आरोळी दिली. भजहरी त्याच्या पायांवर कोसळून हमसून हमसून रडला. आपण मरत नाही हे कळल्यावर कुणीही रडेल म्हणा.

या गर्दीत अगदी मागे तारापद गायेन उभा होता. गावच्या प्राथमिक शाळेतला मास्तर, तिशीला टेकलेला, अजून बिनलग्नाचा. कुंपणापाशी वल्ह्याने ठेचलेला साप पडला होता, तो त्याने येतानाच पाहिला होता. दिवड! तळ्याच्या गोड्या पाण्यात बेडक्या खाणारी, बिनविषारी दिवड. विष चढलंच नव्हतं, तर उतरणार काय कपाळ! तारापदला हे कळत होतं. कसं कळत होतं, तीही एक गंमतच आहे.

त्या बेटांवर वादळ-पूर पाचवीला पुजलेले. म्हणून नदीपलीकडच्या तालुक्याच्या गावी सरकारने एक शिबिर भरवलं होतं. वादळात, पुरात डॉक्टर येईपर्यंत माणूस कसा जगवायचा, ते शिकवायचं. गावातून कुणी जायला तयार नव्हतं, तेव्हा पंचायतीने मास्तरला पाठवून दिलं. तारापद मन लावून शिकला. मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या कशा बांधायच्या, वाहतं रक्त कसं दाबून धरायचं, जुलाबाने सुकलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, साप चावला तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. आणि शेवटी, श्वास थांबलेल्या माणसाला आपल्या तोंडाने श्वास कसा द्यायचा. त्यासाठी रबराची एक बाहुली होती, माणसाएवढी. सगळ्यांनी पाळीपाळीने तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकायचं.

नेमकी तारापदची पाळी आली आणि खिडकीत भजहरी! खेकडे विकायला म्हणून तो तिकडे गेला होता. भजहरीची होडी मोटरची, त्यामुळे मास्तर गावात पोचायच्या आधी बातमी पोचली.

"मास्तरने बायको केली रे! रबराची!"

झालं. तारापदचं नाव पडलं 'बाहुलीचा नवरा'. शाळेच्या फळ्यावर चित्र निघालं. घाटावर बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. बौदीने, म्हणजे त्याच्या थोरल्या वहिनीने, पलीकडच्या बेटावर एक मुलगी बघून ठेवली होती. तिच्या मामाने भर बैठकीत विचारलं, "पहिलीपासून काही मूलबाळ?" शिकून आलेलं गावाला शिकवायचं, असं ठरलं होतं. पहिल्या रविवारी शाळेच्या ओसरीवर चौघे आले, तेही मजा बघायला. एकाने बगलेत उशी आणली होती. तारापदने "आज तब्येत बरी नाही" म्हणून सगळ्यांना घरी लावून दिलं आणि सरकारने दिलेलं नारिंगी जाकीट ट्रंकेच्या तळाशी घातलं. पुन्हा शिकवायचं नाव काढलं नाही.

म्हणून त्या दिवशी, भजहरी रडत असताना, पंचाननने गर्दीवरून नजर फिरवून हाक मारली, "काय मास्तर, तुमच्या बाहुलीला येतं का हो हे?" तेव्हा सगळं अंगण खो-खो हसलं आणि तारापदही हसला. दात काढून हसला, आणि वर हात जोडून म्हणाला, "तुमच्यापुढे आम्ही कोण, गुणीनदा!"

घरी जाताना त्या हसण्याची त्याला शिसारी आली. पण आली आणि गेली.

श्रावण संपत आला होता. उकाड्याने जीव नको झाला होता. एका सकाळी तारापद शाळेला निघाला, तर मिनती बौदी ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली. ही बाई सकाळी बसलेली कधी कुणी पाहिली नव्हती. तारापदची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा. त्याला न्हाऊमाखू घालून, मार देऊन, घास भरवून वाढवलं ते हिने. अंगाने काटकी, जिभेने तिखट.

"काय झालं गं?"

"पोट दुखतंय पहाटेपासून. आणि घसा कसा आवळल्यासारखा झालाय. तुझा रात्रीचा, पाण्यात भिजवलेला पांता भात झाकून ठेवलाय, कांदा घे चिरून."

"रात्री कुठे झोपली होतीस?"

"इथेच. जमिनीवर. आत भट्टी झालीय नुसती."

"मच्छरदाणी?"

"मास्तरकी शाळेत कर," ती म्हणाली. पण बोलताना तिने मान मागे टाकली होती आणि पापण्यांच्या फटीतून ती त्याच्याकडे बघत होती. पापण्या उचलतच नव्हत्या.

शिबिरातल्या डॉक्टरीण बाईंनी हेच तर घोकून घेतलं होतं. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, चावलेलं कळत नाही, खूण दिसत नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. मग आवाज जातो आणि शेवटी श्वास. खूण शोधत बसू नका, वाट बघू नका, दवाखाना गाठा.

"दादा," तो म्हणाला, "बौदीला पलीकडे दवाखान्यात नेऊ या का?"

शिबपद, त्याचा थोरला भाऊ, जाळं विणत होता. "पोटदुखीला नदी ओलांडायची? ओवा दे तिला."

"नाही, म्हणजे… साप वगैरे…"

"साप? कुठंय साप? कुठे चावलाय? दाखव."

दाखवायला काही नव्हतं. तेवढ्यात शेजारची दोन-चार माणसं कुंपणापाशी आलीच. साप हा शब्द त्या गावात फार लांबवर ऐकू जातो. "बाहुलीने सांगितलं का रे मास्तर?" कुणीतरी म्हणालं, आणि तारापदने जीभ आवरली. "मला आपलं वाटलं," एवढंच पुटपुटला. मग त्याच्याच शंकेने सगळ्यांना दुसरी बुद्धी सुचली. पंचाननला बोलावणं गेलं.

पंचानन थाटात आला. चालून चालून त्याचं उघडं अंग घामाने निथळत होतं, पोट पुढे, थाळी काखेत. अर्धं गाव मागे. बौदीला बसवलं. तिची पाठ म्हणजे मणक्यांची माळ, वर कातडं कोरडं ठाक. हातपाय गार पडत चालले होते, घाम कुठला यायला! पंचाननने थाळी थापली. थाळी घसरून खाली पडली. पुन्हा थापली, पुन्हा पडली.

"विष नाही!" पंचानन म्हणाला. "असतं तर थाळीने सोडलं असतं का? वारं धरलंय पोटात. लिंबू उतरवतो, आल्याचा रस द्या, दुपारपर्यंत उठून मासे कापेल."

शिबपदने सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांनीच टाकला. आणि सांगायला लाज वाटते, पण तारापदनेही टाकला. त्याला पक्कं ठाऊक होतं की थाळीला काही कळत नाही. पण थाळीने निकाल दिला म्हणजे आता आपल्याला बोलायला नको, या एका विचाराने त्याला बरं वाटलं. भर अंगणात उभं राहून पुन्हा हसं करून घ्यायला नको. कदाचित असेलही वारं, असं त्याने स्वतःला समजावलं. शिकलेला माणूस स्वतःला फार चांगलं समजावू शकतो.

तो तसाच उभा राहिला. लिंबू उतरवून झालं. आल्याचा रस वाटून झाला. कुणीतरी वाटी बौदीच्या ओठांना लावली. तिने घोट घेतला आणि तो तसाच तिच्या नाकातून बाहेर आला.

"नको," ती म्हणाली. आवाज गेंगाणा, ओळखू न येणारा.

"दादा, मण्यार आहे," तारापद म्हणाला. पहिल्यांदा हळू, मग ओरडून. "मण्यार चावलीय तिला! होडी काढा!"

"ए बाहुलीच्या नवऱ्या," पंचानन म्हणाला, "थाळीपेक्षा तू शहाणा? विष असतं तर चिकटली असती. भजहरीला चिकटली होती की नाही?"

लोक हसले. तारापदचे कान तापले. तोच तो जुना चटका. पण या वेळी समोर बौदी होती आणि तिची मान छातीवर पडत चालली होती. त्याने खाली पडलेली थाळी उचलली, पंचाननच्या मागे गेला, आणि त्याच्या त्या घामेजल्या, गुबगुबीत पाठीवर दाबून बसवली.

थाळी चिकटली.

पंचानन गर्रकन वळला. थाळीही त्याच्याबरोबर वळली. त्याने खांदे उडवले, पाठ हलवली, थाळी ढिम्म.

"गुणीनदा," तारापद ओरडला, "तुम्हाला कधी चावला हो? आठांतला कुठला?"

मागून एक म्हातारी फिस्कन हसली आणि हसू सगळीकडे पसरलं.

"घामाने चिकटते ही!" तारापदला धाप लागली होती. "ओल्या पेल्याला खालची बशी चिकटते ना, तशी. मांसल पाठ, ओलं अंग, आतली हवा दाबून काढायची, झालं. घाम सुकला, माणूस हलला, की पडते. भजहरीला दिवड चावली होती, दिवड! त्याला दगड बांधला असता तरी तो वाचलाच असता. आणि हिची पाठ हाडकी, कोरडी, म्हणून नाही चिकटली. विष आहे हिच्या अंगात! भजहरीदा, होडी!"

भजहरी हसत नव्हता. त्याने एकदा पंचाननच्या पाठीकडे बघितलं, एकदा बौदीकडे, आणि धोतर खोचून घाटाकडे पळत सुटला.

दार उखडून त्यावर बौदीला निजवलं. कुठे बांधलं नाही, कापलं नाही, नुसतं हलू न देता नेलं. होडी निघाली तेव्हा ती अजून श्वास घेत होती, पण वरवर, गळ्यापाशी. नदीच्या मध्यावर तोही थांबला.

शिबपदने तिच्या नाकापुढे हात धरला आणि मटकन खाली बसला. "गेली," तो म्हणाला. होडीत आलेल्या एका काकीने गळा काढला. दुसरी म्हणाली, "हातातल्या शाखा-पोल्याच्या बांगड्या उतरवायला लागतील हो आता." भजहरीने मोटरचा आवाज कमी केला. परत फिरायचं का, असं त्याने नजरेनेच विचारलं.

तारापदने तिच्या गळ्याला बोटं लावली. नाडी होती. मंद, पण होती. काळीज चालू होतं, फक्त श्वासाचे स्नायू लुळे पडले होते. आता काय करायचं ते त्याला पाठ होतं.

आणि तो तसाच बसून राहिला.

कारण होडीत माणसं होती. दिराने वहिनीच्या तोंडाला तोंड लावायचं, तेही भावासमोर! रबराच्या बाहुलीवरून गावाने वर्षभर हसून घेतलं होतं. यावरून काय काय बोलतील! त्याला त्या मुलीचा मामा आठवला, फळ्यावरचं चित्र आठवलं. "लोक काय म्हणतील," हे त्याच्या तोंडून चक्क बाहेर पडलं. खरंच पडलं. तिची नखं निळी पडायला लागली होती आणि हा गडी लोक काय म्हणतील ते मोजत होता.

मग ते निळं त्याला दिसलं. त्याने तिची हनुवटी वर उचलली, डोकं मागे केलं, नाक चिमटीत धरलं आणि तिच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकलं.

"काय करतोस रे, हरामखोरा!" शिबपदने त्याचे केस धरले.

"छाती बघ तिची! छाती बघ, मग मार मला!"

त्याने पुन्हा फुंकलं. बौदीची छाती वर आली आणि खाली गेली. शिबपदची मूठ सुटली. काकीचं रडं घशातच अडकलं. भजहरीने काही न विचारता मोटर पूर्ण सोडली.

फुंकून फुंकून तारापदच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा त्याने शिबपदला ओढून घेतलं. "आता तू. नाक धर. तोंड पूर्ण लाव, वारा बाहेर नाही जाता कामा. छाती वर आली की सोड." शिबपद रडत रडत फुंकू लागला. उरलेली नदी दोघा भावांनी अशी पाळीपाळीने ओलांडली.

दवाखान्यात डॉक्टर नासरीन लस्कर होत्या, शिबिरात शिकवणाऱ्या त्याच. त्यांनी सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं, श्वासाच्या यंत्राला जोडलं. बौदी वाचणार, एवढं संध्याकाळी कळलं.

"श्वास देत आणलंत म्हणून," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "पण पहाटेपासून त्रास होता ना? आधी आणलं असतंत तर यंत्राची वेळसुद्धा आली नसती कदाचित. कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

"नाही," तारापद म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्या यंत्राकडे वळल्या. त्याला वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बौदी घरी आली ती काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. आणि आता ऐका. गावाने हसायचं सोडलं होतं. हसणं लांबच राहिलं, गाव मास्तरला हात जोडायला लागलं!

"मेलेली बाई उठवली हो! नुसत्या फुंकरीने!"

"मी डोळ्यांनी पाहिलं," काकी सांगत फिरत होती. "यमाच्या हातातून ओढून आणली. तारापदच्या श्वासात मा मनसा आहे."

पंचाननसुद्धा बेरकी. थाळीचं प्रकरण त्याने दोन दिवसांत पचवलं आणि नवीन गोष्ट रचली. "थाळी माझ्या पाठीला का चिकटली? अरे, मी तिचं विष माझ्या अंगावर घेतलं होतं! विष मी ओढलं, प्राण मास्तरने घातला. दोघं मिळून केलं आम्ही." आणि तारापदला गाठून हळूच म्हणाला, "आपण एकत्र बसू या का मनसाच्या पूजेपासून? थाळी माझी, फुंकर तुझी."

तारापद त्याच्यावर खेकसला. पण लोकांवर खेकसला नाही. कसा खेकसणार? घाटावर वाट मोकळी करून देत होते. मुलीच्या मामाने स्वतःहून निरोप धाडला होता. वर्षभर टिंगल सोसलेल्या माणसाला नमस्कार फार गोड लागतो. "छे छे, माझं काय त्यात," असं तो म्हणायचा, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवू नये.

एका सकाळी अंगणात चांगली गर्दी जमली होती. कुणाची डोकेदुखी, कुणाची सांधेदुखी. त्यात टेपी, भजहरीची सून, कडेवर तान्ही पोर घेऊन आणि हातात केळ्यांचा घड घेऊन आली. पोरीला दोन दिवस जुलाब होत होते. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, रडत होती पण डोळ्यांत पाणी नाही.

"दादाठाकूर, एक फुंकर घाला," टेपीने घड त्याच्या पायांशी ठेवला.

तारापदला दिसत होतं सगळं. पोर सुकलीय, हिला मीठ-साखरेचं पाणी हवं, आत्ता हवं. पण सगळे बघत होते, आणि सगळे गप्प होते, आणि त्या गप्प बसण्यात केवढा आदर होता! आधी फुंकर घालू, मग हळूच सांगू, असं म्हणून त्याने डोळे मिटले आणि पोरीच्या कपाळावर फुंकर घातली. उलूचा गजर झाला. टेपीने डोळे पुसले आणि पोरीला घेऊन बाजूला झाली. तिचं काम झालं होतं.

"तारू," ओसरीवरून हाक आली. "इकडे ये."

बौदी भिंतीला टेकून बसली होती. आवाज अजून घोगरा होता.

"तुला एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "त्या दिवशी होडीत मला ऐकू येत होतं."

तारापदला आधी कळलंच नाही.

"हलता येत नव्हतं. डोळे उघडत नव्हते. ऐकू येत होतं. गेली म्हणाले ते ऐकलं. बांगड्या उतरवायचं चाललं होतं ते ऐकलं. तुझी बोटं गळ्याला लागली, तेव्हा मनात म्हटलं, आला माझा पोर, आता हा काहीतरी करणार. आणि मग तू म्हणालास, लोक काय म्हणतील."

तारापदने मान खाली घातली. जमीन दुभंगावी, असं लोक उगाच म्हणत नाहीत.

"सकाळी अंगणात पण तुला कळलं होतं ना? थाळी पडायच्या आधी?"

"हो."

"मग?"

"लाज वाटली. हसतील म्हणून."

"बरं. तेव्हा हसतील म्हणून गप्प बसलास आणि मी मरत होते." तिने अंगणाकडे बोट केलं. "आणि आता पाया पडतात म्हणून गप्प बसतोस. आता कुणाला मारणार आहेस?"

ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं. तिने नुसतं विचारलं होतं. तो उठला. ओसरीच्या पायरीवर उभं राहून तो ओरडला.

"माझ्या फुंकरीत काही नाही!"

लोक कौतुकाने हसले. किती विनय!

"विनय नाही हा, ऐका! बौदी मेलीच नव्हती. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, काळीज चालू असतं. कुणीतरी तिच्या छातीत हवा भरत राहायची, दवाखान्यात पोचेपर्यंत. बस. मी टायरमध्ये भरतात तशी हवा भरली. अर्धी नदी माझ्या दादाने भरली, त्याच्यात कुठली मनसा आली होती? विचारा त्याला!"

"माझ्यात कसली मनसा!" शिबपद मागून म्हणाला. "मी तर शिव्या देत फुंकत होतो."

"तेच! तुमच्यातला कुणीही करू शकला असता. मी वर्षापूर्वी शिकून आलो होतो आणि तुम्हाला शिकवलं नाही, कारण तुम्ही हसलात. आणि त्या दिवशी सकाळीच मला कळलं होतं की साप चावलाय. पंचाननला थाळी लावू दिली, लिंबू उतरवू दिलं. तोंडात गुळणी धरून उभा राहिलो. पंचाननला निदान ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. बौदी वाचली ती औषधाने आणि यंत्राने, आणि माझ्यामुळे तिला उशीर झाला."

आता कुणी हसत नव्हतं. काकीचा चेहरा पडला. तिची गोष्ट कुणीतरी काढून घेतली होती.

"थाळी चिकटते घामाने. फुंकर चालते हवेने. यात न कळण्यासारखं काय आहे? करून बघा, मोजून बघा, विचारा. माझ्यासकट कुणाच्याही पाया पडण्याआधी विचारा की हे कसं होतं. जो सांगणार नाही, त्याच्याकडे जाऊ नका. आणि शिकून घ्या. उद्या तुमच्या घरात मी नसणार, तुम्हीच असणार."

टेपी पुढे आली. तिच्या कडेवर पोर आता रडतही नव्हती.

"मग आत्ता माझ्या पोरीला फुंकलंस, ते काय होतं?"

तारापदने तिच्या नजरेला नजर द्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"काही नव्हतं," तो म्हणाला. "तिला पाणी हवंय. मीठ-साखरेचं, उकळून गार केलेलं, चमच्या-चमच्याने, सतत. अंगावरचं दूध पण पाजत राहा. आणि आत्ताच्या आत्ता दवाखाना. मला आल्या आल्या दिसलं होतं."

टेपीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो जन्मात विसरणार नाही. मग ती वाकली, केळ्यांचा घड उचलून सासऱ्याच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "होडी काढा, बाबा."

बौदी काठी टेकत चुलीपाशी गेली. रात्री उकळून ठेवलेल्या पाण्यात तिने मीठ-साखर घातली. तारापदने चव घेऊन पाहिली, अश्रूंपेक्षा खारट नाही याची खात्री केली, तांब्या घेतला आणि टेपीच्या मागे घाटाकडे धावला. वाटेत कुणी त्याला नमस्कार केला नाही. होडीत टेपीने त्याला जवळ बसू दिलं नाही, पण तांब्या घेतला. तो समोरच्या फळीवर बसून सांगत राहिला, हळू, एकदम नको, ओकली तर थोडं थांब आणि पुन्हा दे. नदीच्या मध्यावर पोरीने तोंड वेडंवाकडं केलं आणि बारीक आवाजात रडायला लागली. तारापदने मान वळवून पाण्याकडे बघितलं, कारण त्यालाही रडू फुटलं होतं आणि ते टेपीला दिसायला नको होतं. मग त्याने मान परत फिरवली आणि म्हणाला, "आणखी एक चमचा दे."